उणे चारचं ग्रहण

घड्याळजींचे हात कापायला लागले तसं त्यांनी दुकान बंद केलं आणि थेट हेरोद राजाच्या हात धुऊन मागे लागले. आता दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाने यांचं काय घोडं मारलं होतं? पण नाही! एका जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, राजा मरायच्या थोडं आधी चंद्राला ग्रहण लागलं होतं. ते ग्रहण सापडलं की राजाच्या मरणाचं साल पक्कं, आणि येशू जन्मला याच राजाच्या राजवटीत, म्हणून त्याचा जन्म त्या सालाआधीचा. एवढ्यासाठी अकरा वर्षं हा गृहस्थ आकडेमोडीत डोकं खुपसून बसला.

राजवटीची वर्षं मोजता मोजता साल निघालं इसवी सनापूर्वी चौथं. ग्रहणांच्या तक्त्यात 'उणे चार'ची ओळ पाहिली, तर काय, खग्रास! घड्याळजींना आभाळ ठेंगणं झालं. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेनंतर मंडळींपुढे निबंध वाचायचं ठरलं. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केली, स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम. त्यात चारचौघांत हसं होऊ नये, एवढाच त्यांना घोर.

शनिवारी दुपारी चाळीस प्रती छापून आल्या. बायको शिंपीण, त्यामुळे पाठीला टाके घालायला तीच बसली. पंचवीस झाल्यावर कंटाळून तिने निबंध वाचायला घेतला, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"अहो, या तक्त्यात शून्य साल आहे?"

"आहे की. खगोलवाले हिशेबाला सोपं म्हणून धरतात."

"आणि इसवी सनाच्या मोजणीत?"

"छे! इसवी सनापूर्वी एक, की लगेच इसवी सन एक."

तिने गळ्यातली टेप काढून समोर धरली. पहिला इंच झिजून तुटलेली ती टेप एकपासूनच सुरू व्हायची.

"माझ्या टेपवरचे चार म्हणजे नव्या टेपवर तीनच. मग तुमचं चौथं साल तक्त्यात उणे तीन नको?"

घड्याळजींनी घाईघाईने तक्ता उघडला. 'उणे तीन'च्या ओळीत ग्रहण होतं, पण खंडग्रास. चंद्राचा जेमतेम तिसरा हिस्सा काळवंडलेला.

"अकरा वर्षं पाण्यात गेली गं!"

"काही गेली नाहीत. साल तेच आहे, ग्रहण तेवढं लहान झालं. उचला कात्री, उसवायला लागा."

दोघांनी बसून टाके उसवले, चुकीचं पान काढलं, हाताने लिहिलेलं नवं घातलं. घड्याळजींचं अक्षर थरथरायचं, म्हणून लिहिलं तिने.

"तुला एकदाही वाचून दाखवलं नाही मी," ते खाली मान घालून म्हणाले.

"दाखवलं असतंत तर दहा वर्षं आधीच उसवलं असतं," ती हसत म्हणाली. त्यांनाही हसू आलं, आणि खूप बरं वाटलं.

रविवारी त्यांनी आधी चूकच सांगितली. मागून कुणीतरी विचारलं, "मग ती सापडली कशी?"

घड्याळजींनी खिशातून तुटकी टेप काढली, बायकोच्या हातात दिली आणि म्हणाले, "ही सांगेल." आणि तिला उभं करून आपण निवांत खाली बसले.