पाहुणीला दिलेलं पाणी

वेस्ट मांबलमच्या त्या गल्लीत तुळजाबाईंच्या दारावरून कुणी तहानलेला गेला, असं कधी झालं नाही. रामनवमीला दाराच्या पायरीवर त्या गुळाच्या पानकमची आणि ताकाची भांडी मांडून बसायच्या. रिक्षावाला असो की पोस्टमन, घोटभर प्यायल्याशिवाय त्याला पुढे सोडायच्या नाहीत. लग्न होऊन तंजावरहून आल्या तेव्हा सासूने हेच शिकवलं होतं. यजमान मानाजीराव नुंगंबाक्कमच्या एका कचेरीत कारकून. टंचाईच्या वर्षांत तुळजाबाई घागरी घेऊन पाण्याच्या लॉरीपुढे उभ्या राहिल्या, भांडल्या, एकदा गर्दीत कुणाचं कोपर लागून पुढचा दात गमावला. पण पाहुण्यापुढे बोअरचं पाणी कधी ठेवलं नाही. ते पिवळट, मचूळ, नाकाजवळ नेलं की तोंड फिरवावं असं. धुण्याभांड्यापुरतं ठीक. प्यायला विकतच्या पाण्याचा कॅन यायचा, तो तांब्याच्या हंड्यात ओतायचा. मानाजीराव गेल्यावरही हा क्रम चुकला नाही.

म्हणून वरच्या मजल्यावरच्या स्वरदाने कॅनवाल्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितल्याचं कळलं, तेव्हा त्या तडक जिन्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

स्वरदा साताऱ्याकडची. नवरा मंदार मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. तिला दिवस गेले होते आणि आता पोट दिसू लागलं होतं. तुळजाबाईंनी जिन्यात गाठून विचारलं, तर तिने हसत मोबाइल पुढे केला. शहराचा नकाशा होता. आजूबाजूला सगळे लाल ठिपके, आणि मधे ही एक गल्ली हिरवीगार. स्वरदा सांगू लागली, की हे सरकारी विद्यापीठाचं संशोधन आहे, परदेशातले लोकसुद्धा त्याचा दाखला देतात. खाली बुजलेल्या तळ्याच्या वाळूचा थर आहे, तो म्हणे पाणी गाळतो. पाण्याला वास येतो तो नुसता लोखंडाचा, साधा फिल्टर लावला की जातो.

"आजी, तुम्ही इतकी वर्षं उगाच कॅन उचललेत," ती म्हणाली.

तुळजाबाई हिरव्या रंगाकडे बघत राहिल्या. तो कुठून आला हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो काही वर्षांपूर्वी भव्याने आणला होता. भव्या तंजावरच्या, माहेरच्या ओळखीतल्या काशिनाथरावांची नात, तेव्हा विद्यापीठात पीएच.डी. करत होती. कत्तिरीचं, ऐन मे महिन्यातलं ऊन होतं, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि पोर लालबुंद होऊन, बाटल्यांनी भरलेली पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली. घरोघरच्या बोअरचं पाणी तपासायला हवंय म्हणाली. तुळजाबाईंनी तिला पंख्याखाली बसवलं, कॉफी दिली. ती मागच्या नळाकडे निघाली तर हाताला धरून परत बसवलं. मी भरून आणतें, तू ऊठ नक्को, म्हणाल्या.

मागे जाऊन त्यांनी नळ सोडला. नेहमीसारखं पिवळं पाणी आलं, वासासकट. आणि त्यांना लाज वाटली. आपल्या तंजावरी मराठी लोकांतली मुलगी, पहिल्यांदा घरी आलेली. तिच्या हातात हे द्यायचं? ती ते विद्यापीठात नेणार, मोठमोठे प्रोफेसर डोळ्यांसमोर धरणार, कुणाच्या घरचं म्हणून विचारणार. मुलगी बघायला मंडळी येतात तेव्हा कुणी फुटक्या बशीत उपमा देतं का? त्यांनी बाटली ओतून टाकली आणि हंड्यातल्या पाण्याने काठोकाठ भरली.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण पोरीला त्या उन्हात दारोदार हिंडवणं त्यांच्या जिवावर आलं. तिला जरा आडवी हो म्हणून त्या स्वतःच पिशवी घेऊन बाहेर पडल्या. आमची मुलगी आहे, मोठ्या परीक्षेला बसलीय, चांगलं पाणी द्या, असं प्रत्येक दारात सांगितलं. तुळजाबाईंचा शब्द गल्लीत मोडणार कोण? सगळ्यांनी चांगलंच, कॅनमधलं दिलं.

पुढे भव्या मैसूरपाक घेऊन आली आणि पाट्टी, म्हणजे आजी, म्हणत पाया पडली. पेपरात तिचा फोटो आला होता. तुमच्या गल्लीचं पाणी तेवढं स्वच्छ निघालं, माझं सगळं काम त्यावरच उभं आहे, असं ती आनंदाने सांगत होती. तुळजाबाईंच्या तोंडात मैसूरपाक तसाच राहिला. बोलायची वेळ ती होती. पण पोरीचा चेहरा इतका उजळला होता, की त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि गप्प बसल्या. त्या दिवसापासून दारासमोर कोलमची रांगोळी काढतानासुद्धा त्यांना वाटे, की या जमिनीबद्दल आपण काहीतरी खोटं सांगितलंय.

आता ते खोटं वरच्या मजल्यावर पोचलं होतं.

खरं सांगायचा धीर होईना. मग त्यांनी एक रीत बनवली. आमच्यात पोटुशीला थोरल्या बाईच्या घरचं पाणी पाजतात, असं सांगून त्या रोज सकाळी हंड्यातल्या पाण्याची कळशी घेऊन जिना चढू लागल्या. गुडघे बोलायचे, मधल्या वळणावर टेकायला लागायचं. स्वरदा कौतुकाने कळशी घ्यायची, मंदारही थट्टेने म्हणायचा, की आजींनी मलाही दत्तक घ्यावं. तुळजाबाईंना थोडं हलकं वाटू लागलं होतं.

एक दिवस त्या झाकण विसरल्या म्हणून परत वर गेल्या. दार उघडंच होतं. स्वरदा बाल्कनीत उभी राहून त्यांच्या कळशीतलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतत होती. ती ओशाळली. घरात फिल्टरचं असतंच, पण तुम्ही एवढ्या चढून येता, नाही म्हणवत नाही, म्हणाली. शेजारी ओट्यावर तिचा फिल्टर ठिबकत होता.

"ते पिऊ नको," तुळजाबाई म्हणाल्या. "तो हिरवा रंग खोटा. माझ्या हातचा."

आणि उंबऱ्यातच बसून त्यांनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता स्वरदाचा हात पोटावर गेला.

"मी महिनाभर पितेय, आजी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त आत जाऊन मंदारला फोन लावला.

तुळजाबाईंनी खाली येऊन भव्याला बोलावलं. ती आता त्याच विद्यापीठात शिकवत होती. संध्याकाळच्या आत आली. खुर्चीत बसून तिने ऐकून घेतलं. एकदाच विचारलं, सगळ्या घरांत? तुळजाबाईंनी मान हलवली.

"माझ्यापायी तुझं नाव जाईल गे, कण्णू."

भव्याने त्यांना थांबवलं. "पाट्टी, प्रत्येक बाटली मी स्वतः नळाखाली धरून भरली, असं मी लिहिलंय. ते तुम्ही नाही लिहिलंत. तुमची कॉफी प्यायले आणि मला झोप लागली." मग उठत म्हणाली, "आज विद्यापीठाला कळवते. आधी पाणी बघू."

तुळजाबाई सवयीने तिच्या हातातली बाटली घ्यायला पुढे झाल्या, आणि हात तसाच मागे घेतला. भव्याने नळ सोडला, बराच वेळ वाहू दिला, मग बाटली भरून उजेडात धरली. तुळजाबाईंनी मान वळवली. जणू ते पिवळेपण त्यांनीच कालवलं होतं.

मग पुन्हा ती गल्ली, पुन्हा तीच दारं. तिला मागच्या नळापर्यंत जाऊ द्या, असेल तसं पाणी भरू द्या, असं तुळजाबाई सांगत पुढे चालल्या. कोपऱ्यावरच्या कल्पनाने कमरेवर हात ठेवला. "तेव्हा चांगलं द्या म्हणालात, आता वाईट द्या म्हणता. पाण्याने तरी काय करावं, मामी?" बाकीच्या हसल्या. तुळजाबाईंना हसता आलं नाही, आणि भव्याही हसली नाही.

पाणी वाईटच निघालं. भव्याने तसं कळवलं. पुढे तिच्या कामाचं काय होणार हे अजून ठरायचंय. डॉक्टरांनी स्वरदाला तपासलं. आत्ता तरी काही दिसत नाही म्हणाले, पण बाळ येईपर्यंत लक्ष ठेवू. तिच्या दारात पुन्हा कॅन यायला लागला.

तुळजाबाईंची कळशी मात्र थांबली नाही. का जाता, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सगळं सांगितल्यानंतरच्या पहिल्या सकाळी स्वरदाने दार उघडलं, कळशी घेतली, पेला भरला. ओठांपर्यंत नेला, आणि थांबली.

"आजी," तिने हळूच विचारलं, "हे कॅनचंच आहे ना?"

उभ्या आयुष्यात त्यांच्या हातच्या पाण्याबद्दल कुणी असं विचारलं नव्हतं. तुळजाबाईंनी तिच्या हातातून पेला घेतला, आधी स्वतः अर्धा प्यायल्या, आणि उरलेला तिच्यापुढे धरून तिथेच उभ्या राहिल्या.