काचेच्या पेल्यातलं औषध

“विष होतं का ते? गुळवेल होती,” बकुळाबाई म्हणाल्या. “पोटच्या पोराला आई वाईट काय देईल?”

“वाईट दिलंत असं म्हणत नाही मी. विचारलं नाहीत, एवढंच म्हणतेय,” कुमुदिनी म्हणाली.

मांजर्लीच्या त्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये हे दुपारपासून चाललं होतं. कुमुदिनीने पाच वर्षांपूर्वी नवऱ्याला, हेमचंद्रला, आपलं एक मूत्रपिंड दिलं होतं. त्याच्या शरीराने ते झिडकारलं, असा सकाळी अहवाल आला. दुसरं काही घेता का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर हेमचंद्र जमिनीकडे बघत म्हणाला, “आई काढा देते. जूनपासून.”

बकुळाबाईंचा हिशेब सरळ होता. मुलाला सारखी सर्दी, सारखा ताप. अंगात ताकद नाही. जांभूळ गावाहून भाजी आणणाऱ्या कौसाबाईंकडून त्यांनी कडुलिंबावरची गुळवेल मागवली आणि सून कॉलेजला गेली की रोज पेलाभर काढा उकळून द्यायला लागल्या. शरीराची लढायची ताकद वाढावी म्हणून. ती ताकद औषधाने मुद्दाम निजवून ठेवलेली आहे, हे त्यांना पाच वर्षांत अनेकदा सांगून झालं होतं. हेमचंद्र अंबरनाथच्या रसायनांच्या कारखान्यात अधिकारी. पिंपावरची सूचना वाचल्याशिवाय कुणाला झाकण उघडू न देणारा. पण आईला वाईट वाटू नये म्हणून तो काढा प्यायला आणि बायकोला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसला. काढ्यानेच झालं असं सिद्ध करता येणार नाही, डॉक्टर म्हणाले, पण नाही असंही मी म्हणणार नाही.

सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, या दोन वेळा कुमुदिनीने पाच वर्षं चुकवल्या नव्हत्या. दिलेलं मूत्रपिंड टिकावं म्हणून घ्यायचं ते औषध तेलकट. ते दुधात ढवळून द्यायचं, तेही काचेतून, कारण प्लॅस्टिकला ते चिकटून राहतं. मग त्याच पेल्यात पुन्हा थोडं दूध घालून, विसळून, तेही प्यायला लावायचं. लग्नकार्यातसुद्धा ती पर्समध्ये टॉवेलात गुंडाळलेला पेला न्यायची. “वहिनी, पेला आणलात, बाटली कुठंय?” असं कुणीतरी हमखास म्हणायचं. औषधाची बाटलीही पर्समध्येच असायची. तीही ती काढून दाखवायची.

उल्हासनगरच्या कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची. औषध सुरू झालं तेव्हा मुंबईच्या एका ग्रंथालयात बसून तिने शोधून काढलं की हे पोटात जाऊन करतं काय. पेशीत सायक्लोफिलिन नावाचं एक प्रथिन असतं. दुसऱ्या प्रथिनांच्या साखळीतला एखादा अवघड सांधा फिरवून द्यायचा, म्हणजे ती नीट घडी होऊन कामाला लागतात, हे त्याचं काम. यीस्टमध्ये ते आहे, माशात आहे, मुगाच्या कोंबात आहे, साध्या जिवाणूंतसुद्धा आहे. औषध येऊन त्यालाच धरतं आणि मग दोघं मिळून तिसऱ्याच एका प्रथिनाला अडवतात. शरीराच्या पहारेकरी पेशींना जागं करण्याचा निरोप तिथेच थांबतो. परकं मूत्रपिंड आत आलंय, हे त्यांना कळत नाही.

औषधाच्या आधी अब्जावधी वर्षं असलेल्या या प्रथिनाला नावातलं ‘सायक्लो’ मात्र औषधाच्या नावावरून मिळालं. ते वाचून कुमुदिनी ग्रंथालयात एकटीच हसली होती. माहेरी ती पद्मजा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं.

गेल्या वर्षी तिने आणखी एक वाचलं. यीस्टमधून ही प्रथिनं एकूण एक काढून टाकली, तरी यीस्ट जगलं; त्यांच्यावाचून काही अडलं नाही. त्या दिवशी मात्र ती हसली नाही.

“झालं ते झालं,” बकुळाबाई म्हणाल्या. “वृंदाची तपासणी करू या, तिचं मूत्रपिंड जुळतं का बघू. सख्खी बहीण आहे. रक्ताचं रक्ताला टिकतं. तुझं टिकलं नाही, त्याला कोण काय करणार?”

कुमुदिनीने नवऱ्याकडे पाहिलं. हेमचंद्र पंख्याकडे बघत होता. पुढे काय करायचं, असं दवाखान्यात डॉक्टरांनी विचारल्यावर तो तिला एवढंच म्हणाला होता, “तू ठरव.” काढ्याचं आईने ठरवलं, आता हे तिने ठरवायचं.

वृंदा, त्याची धाकटी बहीण, स्वयंपाकघराच्या दारात गवार मोडत बसली होती. मार्गशीर्षात तिचं लग्न होतं. मुलाकडच्यांना हे कळवायचं की नाही, याचा विषयही अजून कुणी काढला नव्हता.

“जाईन मी,” वर न बघता ती म्हणाली. “कधी जायचं?”

कुमुदिनीने तिच्याकडे पाहिलं. पाच वर्षांपूर्वी ती स्वतः याच आवाजात, अशीच भाजी निवडताना, “देईन मी” म्हणाली होती. तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणेपर्यंत सगळे गप्प बसले होते, इतकंच.

आठ वाजले. सवयीने तिने फळीवरचा पेला घेतला, दूध ओतलं, औषध मोजून घातलं, ढवळलं. हेमचंद्रने ते पिऊन पेला पुढे केला. तिने तो पुन्हा दूध घालून विसळला नाही. तसाच मोरीत नेऊन ठेवला आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

“वृंदाची तपासणी होणार नाही,” ती म्हणाली. “ती हो म्हणाली तरी नाही. सोमवारपासून हे डायलिसिसला जातील. आणि हे औषध डॉक्टर आता हळूहळू बंद करतील, मी त्यांना सांगून आलेय.”