दाईअम्मा आणि माझी बंद पेटी

आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत, तीही हिंदी. मराठी फक्त घरातली. शुद्धलेखन चुकेल. अक्षर असं, की यादी दिली तर दुकानदार म्हणतो, "भाभीजी, मुँह से ही बोल दो." आणि तोंडानं बोलायची मला लाज वाटते.

पण दाईअम्मांबद्दल लिहून ठेवायचंय. बाईच्या पोटाला हात लावण्याआधी त्या तळवे चोळायच्या, स्वतःच्या गालाला लावून पाहायच्या. "ठंडे हाथन में कौन बच्चा आहै?" म्हणायच्या. आमची निम्मी गल्ली त्या उबेत जन्मली, माझे यजमानसुद्धा.

त्यांची दुसरी रीत म्हणजे कळा सुरू झाल्या की घरातलं प्रत्येक कुलूप उघडायचं. कपाटं, ट्रंका, सगळं. बंद कुलूप बाळ अडवतं म्हणे. बाईची वेणीसुद्धा सोडायची.

मी भित्री. घरी बाळंत व्हायला नको म्हणून दवाखान्यासाठी चोरून एका पेटीत पैसे साठवत होते. कळा आल्या तेव्हा आधी सासूबाईंना चहा हवा का विचारलं. मग दाईअम्मा आल्या, सासूबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन घरभर धावल्या आणि मी पेटीवर पदर पसरून बसले. दाईअम्मांनी विचारलं, "काय बिन्नू, कोई तालो रह गओ का?" मी मानेनंच नाही म्हटलं. जीव गेला तरी चालेल, चोरी उघडी पडायला नको!

दुपारपर्यंत काही पुढे सरकेना. दाईअम्मांनी पुन्हा पोट चाचपलं आणि हात आडवा धरून दाखवला. "बच्चा आड़ो है. जो हमाए बस को नइयां." त्यांनीच ऑटो आणून मला सीपरी बाजारातल्या दवाखान्यात नेलं. मी वाटभर मनात म्हणत होते, माझ्या कुलपानंच बाळ अडवलं.

दवाखान्यात पाच हजार आधी भरायला सांगितले. यजमान ट्रक घेऊन लांब गेलेले. माझ्या पेटीत एकशे चाळीस, तेही घरी! दाईअम्मांनी कमरेचा बटवा सोडला. छपरासाठी जमवलेले पैसे होते ते. नर्स म्हणाली, "अम्मा, आप बाहर बैठो." दाईअम्मा बाहेर बाकावर बसल्या. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, आम्ही दोघी वाचलो.

आता गल्लीत घरी कुणी बाळंत होत नाही. दाईअम्मा पोरींबरोबर दवाखान्यात जातात आणि त्याच बाकावर बसतात.

साड्यांना फॉल लावून मी शंभर-शंभर फेडत राहिले. मुलगी दुसरीत गेली तरी फिटेना. गेल्या आठवड्यात शेवटचे दोनशे घेऊन गेले आणि धीर करून म्हटलं, "अम्मा, उस दिन एक पेटी बंद रह गई थी."

त्या खो खो हसल्या. "मालूम हतो. तू ओई पे तो बैठी हती!"

"फिर खुलवाई क्यों नहीं?"

"बच्चा आड़ो हतो, तालो का करतो? ताले तो सास के लाने खुलवात हैं. काम में लगी रहत, बहू के मूड़ पे नईं बैठत."

म्हणजे कुलपं सासूला कामात गुंतवायला, सुनेच्या डोक्यावर बसू नये म्हणून! आणि सात वर्षं मी त्या बिचाऱ्या कुलपाला शिव्या देत होते.

नोटा त्यांनी मोजल्या नाहीत. आधी तळवे चोळले, गालाला लावून पाहिले, मग नोटांसकट माझा गार हात धरला. पाच हजार पुरते फिटले.