कानाच्या चिन्हावर बोट ठेवा

गिरणाकाठच्या माझ्या लहानपणावर मी लिहिलेलं पुस्तक निघालं, तेव्हा जळगावात त्याचं कौतुक बऱ्याच जणांनी केलं. वाचलं फार थोड्यांनी. मग धुळ्याहून माझा एक जुना विद्यार्थी आला. तो आता ई-बुकं काढतो.

"मॅडम, आता वाचक नुसतं वाचत नाही," तो म्हणाला.

"मग काय करतो?"

"हात लावतो."

मी परवानगी दिली. दोन महिन्यांनी त्याने टॅबवर माझं पुस्तक दाखवलं. पान उलटलं की नदी खळखळायची. चित्रातल्या म्हशीला बोट लागलं की ती हंबरायची, आणि म्हैस अशा कोपऱ्यात उभी होती की पान उलटताना तिला बोट लागायचंच. प्रत्येक प्रकरणाखाली पाच प्रश्नांची चाचणी होती. मी माझ्याच बालपणावरची चाचणी दिली. पाचपैकी तीन गुण मिळाले. "पुन्हा प्रयत्न करा," असं टॅबने मला सांगितलं.

सातव्या प्रकरणाजवळ कानाचं एक छोटं चिन्ह होतं. हे प्रकरण मी पुस्तकाचा कळस मानत होते. दहा वर्षांची मी, पूर आलेली गिरणा, भडगावचा काठ, आणि मी एकटी पोहून पलीकडे जाते. काठावर आत्या उभी असते आणि म्हणते, नदीसुद्धा तुझ्यापुढे वाकली.

"इथे अक्कांचा आवाज टाकलाय," तो म्हणाला. "भडगावला जाऊन रेकॉर्ड केला. आवाज फार स्वच्छ आलाय."

अक्का म्हणजे माझी तीच आत्या. आता पंच्याऐंशीची आहे आणि तिला वाचता येत नाही. तिच्या तोंडी मी घातलेलं वाक्य तीच म्हणणार, म्हणून मी खुशीत होते. ऐकायची तसदी घेतली नाही.

आठ दिवसांनी नशिराबादहून नानांचा फोन आला. नाना निवृत्त मुख्याध्यापक, लांबच्या नात्यातले. माझी छापील पुस्तकं ते उशाशी ठेवतात आणि तिथेच ठेवतात.

"पुस्तक ऐकलं," ते म्हणाले. "म्हैस चांगली पोहली म्हणे."

मी फोन ठेवला आणि कानाच्या चिन्हावर बोट ठेवलं. आधी माझ्या विद्यार्थ्याचा आवाज आला, तो अक्काला माझं प्रकरण वाचून दाखवत होता. मग अक्का शांतपणे बोलली, "हाई बठ्ठं खोटं शे. तू कव्हय पव्हनी? म्हैस पव्हनी. तू तिना पाठवर बशीसन रडी ऱ्हायंती."

मी धुळ्याला फोन लावला. "तुला अहिराणी कळत नाही का? मी म्हशीच्या पाठीवर बसून रडत होते म्हणतेय ती!"

"कळते ना, मॅडम. म्हणून तर ठेवलं."

"काढून टाक."

"काढतो. पण लोक सातवं प्रकरण चार-चारदा उघडतायत. बाकीचं पुस्तक एकदाही धड नाही."

त्या रविवारी मी भडगावला गेले. अक्काला जाब विचारायचा होता. ती अंगणात खाटेवर बसली होती. मी काही बोलायच्या आधीच तिने टॅब मागितला. स्वतःचा आवाज तिने मान हलवत ऐकला आणि विचारलं, दुसऱ्या पानांवर मी का नाही? तिचं नाव घालून मी एवढं पुस्तक लिहिलं होतं आणि त्यात काय आहे ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. मला लाज वाटली, पण ती वाटून घ्यायला तिने वेळ दिला नाही. म्हणाली, "वाच."

मी वाचत गेले, ती खोडत गेली. आमच्या घरी तेव्हा इतके पाहुणे येत नव्हते. वडील मला शाळेत सोडायला कधी आले नव्हते. भरताची वांगी मी शेतातून आणलेली नव्हती, शेजारणीच्या वाफ्यातून उचलली होती, आणि मार अक्काने खाल्ला होता. त्या मुलाला बोलावून आम्ही अकराही प्रकरणांना तिचा आवाज जोडला. नदीची खळखळ गेली, चाचण्या गेल्या. एकही अक्षर मी बदललं नाही. पानावर माझं लिहिलेलं, कानात तिचं, वाचकाने काय ते ठरवावं.

नवव्या प्रकरणात तिच्या लग्नाचा दिवस आहे. सोनगीरच्या बाजूने बैलगाडीतून वऱ्हाड आलं आणि ती माजघरात धान्याच्या कोठीमागे लपून बसली, ते मी लिहिलंय. ते वाचून झाल्यावर ती कितीतरी वेळ गप्प राहिली. रेकॉर्डिंगमध्ये नुसता चिमण्यांचा आवाज आहे. मग ती म्हणाली, "हाई खरं शे."

त्या मुलाला मधली शांतता कापायची होती. वाचकाला वाटेल बिघाड झाला, तो म्हणाला. मी त्याला ती कापू दिली नाही.