माझं पॅलेडियम गळलं, आणि मी ते सांगितलं

गुरुवारी परभणीला, आमच्या कॉलेजात, माझं पीएचडीचं प्री-सबमिशन प्रेझेंटेशन होतं. तिथे मी माझ्याच कामावर बोळा फिरवून आले... आणि तरी ही पोस्ट छाती फुगवून लिहितेय.

आधी काम काय ते सांगते, घाबरू नका. डेंड्रिमर म्हणजे झाडासारखा फांद्या फुटलेला रेणू. एका फांदीला दोन, त्या दोन्हींना परत दोन-दोन... अशा फांद्या मी सिलिकाच्या बारीक पावडरीवर वाढवते आणि त्यांच्यात पॅलेडियम धातूचे कण बसवते.

पॅलेडियम हा कॅटॅलिस्ट. औषधांसाठी लागणारे रेणू एकमेकांना जोडून देतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. महाग धातू, म्हणून पावडर गाळायची, धुवायची, परत वापरायची.

माझा सगळा दावा एवढाच, की पॅलेडियम फांद्या सोडून कुठे जात नाही. पावडर पुन्हा पुन्हा वापरली, दरवेळी रिझल्ट झकास. थीसिस जवळजवळ लिहून झालेला. मी हवेतच होते म्हणा ना!

पण डोक्यात एक किडा वळवळत होता. याची एक टेस्ट असते. रिॲक्शन अर्ध्यावर आली की गरम गरम असतानाच पावडर गाळून बाजूला काढायची. उरलेल्या द्रावणात काम थांबलं तर दावा खरा. चालू राहिलं, तर पॅलेडियम फांद्यांतून गळून द्रावणात उतरलंय... मग कसला दावा आणि कसलं काय.

माझे गाईड सर म्हणाले, "प्रेझेंटेशन तोंडावर आलंय, बघ बाई. उलटं निघालं तर सबमिशन लांबेल." त्यांचं काही चुकत नव्हतं. पण मी राणीसावरगावची, हट्टाला पेटले की पेटले.

केली टेस्ट. पावडर गाळून काढली आणि नवा रेणू अजून तयार होतोय का हे कळावं म्हणून थोड्या थोड्या वेळाने द्रावणाचा ठिपका यूव्ही लॅम्पखाली बघत बसले. पावडर नाही, तरी रिॲक्शन आपली मजेत चालू!

रडले, खोटं कशाला सांगू. ही स्लाइड नाही टाकली तर कुणाला कळणारे, असंही मनात येऊन गेलं. खरंच कुणाला कळलं नसतं. पण मला तर कळलं होतं ना...

टाकली स्लाइड. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "ही टेस्ट करायला कुणी सांगितलं तुम्हाला?" म्हटलं, कुणी नाही मॅडम, मलाच बघायचं होतं.

निर्णय लगेच आला. आत्ता सबमिशन नाही. धातू घट्ट धरून ठेवतील अशी फांद्यांची टोकं बदला, हीच टेस्ट परत करा, मग या. जाता जाता मॅडम एवढंच म्हणाल्या, "ही स्लाइड मात्र थीसिसमधून काढू नका."

बाहेर आले तर दारात अण्णा! माझे वडील. मेंढरं चुलत्याच्या भरवशावर सोडून, एसटीनं, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन. मी येऊ नका म्हणाले होते...

"झाली का गं माय पास?"

"न्हाई अण्णा. अजून लय काम हाय."

"कामून? कुणी चूक काढली?"

"मीच काढली. अन् मीच सांगितली समद्यायला."

अण्णांनी हातातल्या बॉक्सकडं बघितलं. मला वाटलं, संपलं, आता बॉक्स पिशवीत जाणार. तेवढ्यात मॅडम आणि सर बाहेर आले. अण्णांनी बॉक्सचा दोरा तोडला आणि सरळ मॅडमपुढं धरला.

"घ्या बाई, तोंड गोड करा. लेक पास न्हाई झाली, पर खोटं न्हाई बोलली."

मॅडमनी पेढा घेतला. सरांनी दोन घेतले. आणि मी भर कॉरिडॉरमध्ये परत रडले, पण हे रडणं वेगळं होतं.

अण्णा, तुमच्यासारखा बाप मिळाला, अजून काय पाहिजे. पीएचडी होईल तेव्हा होईल... पण गुरुवारचे पेढे माझ्या हक्काचे होते.