काकांचा पिरोजी

दुपारी मी शाळेत शिकवत असतानाच रश्मीचा फोन आला. "ताई, बाबूजी चले गये..." भास्करकाकांची ही सून घरात मराठी बोलते, पण रडताना तिच्या तोंडी हिंदीच आली. त्याला आता महिना झाला. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटच्या बाजारात काकांचं मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, सगळं तिथे मिळायचं. माझ्या आईपासून आम्ही त्यांचीच गिऱ्हाइकं.

काका ट्यूबलाइटखाली रंग कधी ठरवत नसत. साडीचा पदर हातात घेऊन थेट दुकानाच्या पायरीवर, उन्हात यायचे. एका पिरोजीला मात्र ऊनही लागत नसे. लग्नात काकूंनी दिलेली पिरोजा खड्याची अंगठी त्यांच्या बोटात होती. कापड खड्याला लावायचं, जुळलं की कात्री. गिऱ्हाईक फिरोजी म्हणो, काका पिरोजीच म्हणणार. "निळा बी नाही, हिरवा बी नाही, दोघायच्या मधातला. तुमच्या काकूनं पसंत केलेला." काकू गेल्यावर 'काकूनं' म्हणताना ते जरा थांबू लागले, एवढाच फरक.

पण पिरोजा मोठा नाजूक खडा. घाम, तेल, साबण पीत राहतो आणि वर्षं जातात तसा हिरवा पडतो. काकांचा खडा हिरवा होत गेला, आणि त्याच्या मागोमाग दुकानातला पिरोजीही. रोज बघणाऱ्याला ते कसं कळणार? बायकांना कळलं होतं. त्या मुकाट्याने पीस घेऊन जायच्या.

मी पडले फटकळ. मुलीच्या साखरपुड्यात नेसायची पिरोजी साडी घेऊन गेले, तर काकांनी हिरवट पीस कापलं. "काका, हे जुळून नाही राह्यलं. तुमचा खडाच हिरवा झाला."

ते पायरीवर गेले. अंगठी साडीवर टेकवून बराच वेळ बघत राहिले.

"कवापासून?"

"लय दिवस झाले, काका."

"मंग कोनी काहून नाही बोललं मले...?"

त्यांनी ते पीस बाजूला ठेवलं, दुसरं माझ्याच नजरेने निवडायला लावलं. आणि मी, खरं सांगायचं तर, खूश होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुकानावर पुठ्ठा लागला, 'पुराना फिरोजी पीस बदलकर मिलेगा'. अंगठी त्यांनी काढली नाही. पण कुणी पिरोजी मागितला की सगळी कापडं पुढ्यात टाकून म्हणायचे, "तुमीच पाहा." ज्या माणसाने जन्मात कुणाला रंग विचारला नाही, त्याच्या तोंडून हे ऐकवत नसे. कितीजणी आल्या बदलायला, असं मी एकदा विचारलं. "एक बी नाही," काका म्हणाले. "नाराज झाल्या असतीन सगळ्या." हीच समजूत घेऊन ते गेले.

तेरवीला मी मुद्दाम तीच साडी नेसले. अंगणात सतरंजीवर बायका बसल्या होत्या. कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, तरी पाच-सहा जणी पिरोजी साडीत आल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या अंगात काकांनी कापून दिलेल्या हिरव्या कापडाचं ब्लाउज होतं, वापरून वापरून विटलेलं. शेजारी बसलेल्या बाईला मी हळूच विचारलं, बदलायला का नाही नेलं?

"काकूच्या अंगठीवरून देल्लं होतं त्याईनं," ती म्हणाली. "ते कसं वापस करू?"

काकांना हे कळायला हवं होतं. मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. त्या सगळ्यांत माझंच ब्लाउज तेवढं साडीला जुळत होतं.