जिल्ह्याच्या रकान्यात

१९७४ साली मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. जिल्ह्याला पंचवीस वर्षं होत होती म्हणून पुरवणी काढायची ठरली आणि मुख्य लेख माझ्याकडे आला. साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचे तुकडे जोडून हा जिल्हा झाला. सुरुवातीला त्याचं नावही दक्षिण सातारा असंच होतं. पश्चिमेला कृष्णाकाठचा ऊस, पूर्वेला जत-आटपाडीचं कोरडं रान आणि मेंढरं, टोकाला कानडी बोलणारी गावं. हे सगळं मी तपासून लिहिलं. एक वाक्य मात्र न तपासता लिहिलं: सीमेवरच्या गावांनीही आता नवा जिल्हा आपला मानला आहे.

आमचं गाव त्या सीमेवरच होतं. तालुका वाळवा, कचेरी इस्लामपूरला. ओढ्यापलीकडची शेतं कराड तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात.

लेखाचा कच्चा मजकूर घेऊन मी रविवारी गावी गेलो होतो. त्याच दिवशी, त्याच पेनानं, धाकट्या भावाचा सैन्यभरतीचा अर्ज भरला. आधी दोनदा तो छातीच्या मापात कमी पडला होता, कागद बघण्यापर्यंत गोष्ट गेलीच नव्हती. या भरतीनंतर महिन्याभरात त्याचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं, त्यामुळे ही शेवटची संधी होती. वडील पायदळातून नाईक म्हणून निवृत्त झालेले. ते सांगत होते, मी लिहीत होतो. नाव, गाव, तालुका झाल्यावर त्यांनी जिल्हा सातारा सांगितला. मी सातारा लिहिलं.

आमच्याकडच्या माजी सैनिकांची ही रीतच होती. पलटणीत सातारा म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नसे. सांगली म्हटलं तर ती कुठं आली हे समजावत बसावं लागे. सुट्टीवर आलेली नवी पोरंही स्वतःला सातारचीच म्हणवत. त्याचा कागदाशी काही संबंध आहे, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

पुरवणी निघाल्यावर काही दिवसांनी बोलावणं आलं ते बुधवारचं, साताऱ्याच्या मैदानावरचं. त्याच आठवड्यात शुक्रवारी सांगलीत, सांगली जिल्ह्यासाठी वेगळी भरती होती. तिची बातमी मीच पानात लावली होती. तरी मला काही खटकलं नाही.

बुधवारी संध्याकाळी भाऊ साताऱ्याहून थेट माझ्या ऑफिसात आला. त्याचे कागद रांगेतच पाहिले गेले होते. अर्जावर सातारा, इस्लामपूरच्या रहिवासी दाखल्यावर सांगली. कारकुनानं दोन्ही कागद शेजारी ठेवले, यातला एक खोटा आहे असं सांगितलं आणि परत दिले. त्याला पळायलाही मिळालं नव्हतं. हे सांगताना तो माझ्याकडं बघत नव्हता. शेवटी एवढंच म्हणाला, "दादा, अक्षर तुझं हाय."

गुरुवारी सकाळी मी इस्लामपूरच्या मामलेदार कचेरीत गेलो. गाव पूर्वी साताऱ्यात होतं आणि आता सांगलीत आहे, असा दाखला हवा होता. तिथल्या वयस्कर कारकुनानं माझी पुरवणी वाचली होती. त्यानं अर्ज घेतला आणि चष्म्यावरून बघत म्हणाला, "समद्या जिल्ह्याला सांगितलंसा, घरी सांगायचं ऱ्हायलं व्हय?" आजूबाजूची टेबलं हसली. दाखला त्यानं लगेच लिहिला, पण सही करणारे साहेब फिरतीवर होते. मी बाकावर बसून राहिलो. चारपर्यंत ते आले नाहीत. पाचला, कचेरी बंद होता होता, सही मिळाली. शुक्रवारचं बोलावणं तर आमच्याजवळ नव्हतंच.

शुक्रवारी वडीलही सांगलीला आले, सोबत स्वतःचं डिस्चार्ज बुक घेऊन. मैदानाच्या फाटकाशी टेबल होतं, त्यामागं एक सुभेदार. त्यांनी मी आणलेला दाखला वाचला, मग वडिलांचं बुक उघडलं. त्यातही सातारा. एका घरात दोन जिल्हे कसे, असं त्यांनी विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि वडिलांना विचारलं, नक्की कुठले.

वडील सावधान उभे होते. मागं रांग पुढं सरकायला बघत होती.

"सांगली, साहेब," ते म्हणाले. "जुनं नाव मी सांगितलं, पोरानं लिवलं."

सुभेदारांनी दोन्ही कागद पुन्हा पाहिले आणि कोरा अर्ज पुढं सरकवला. तो मी तिथंच उभ्यानं भरला. या वेळी वडिलांनी काही सांगितलं नाही. मी जिल्ह्याच्या रकान्याशी आलो तेव्हा ते मैदानाकडं बघत होते.

भाऊ आत गेला आणि फाटक लागलं. भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त शिट्ट्या ऐकू येत. मधूनमधून पोरं बाहेर पडत. प्रत्येकाच्या छातीवर शाईनं क्रमांक लिहिलेला. जे बाद झाले त्यांच्या क्रमांकावर आडवी रेघ मारलेली. वडील प्रत्येकाची छाती बघत होते. तीन तासांत एकदाही खाली बसले नाहीत.

भाऊ बाहेर आला तेव्हा शर्ट त्याच्या हातात होता. क्रमांकावर रेघ नव्हती.

डॉक्टरी तपासणी सोमवारी होती. तोवर आंघोळीत आकडा पुसू देऊ नकोस, असं वडिलांनी त्याला एसटी स्टँडपर्यंत दोनदा बजावलं.